मागच्या शेडात जिन

माझे सासरे जानराव, म्हणजे आमचे मामाजी, पलंगावरून उठेनात आणि माझं तोंड गप्प बसेना. दिवाळीच्या आधीपासून आमच्या घरात एवढंच चाललं होतं.

पावसाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली. मग डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि सांगितलं, हाड मस्त जुळलं आहे, आता यांना चालवा. आता नाही चालले तर पायातला जोर जाईल आणि मग कायमचं अंथरूण. हे सगळं मामाजींच्या समोरच सांगितलं. घरी आणल्यावर त्यांना वॉकर धरून उभं केलं, तर गुडघा वाकला आणि ते पलंगावर आदळले. लागलं काहीच नाही, पण भीती बसली ती बसलीच. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"मामाजी, उठा. आंगनात एक चक्कर मारू."

"राहू दे व. झालं माह्यं चालनं."

झालं म्हणे चालणं! मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं होतं. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी नाक मुरडलं, नवरा दोन्हीकडून मान हलवत बसला. पण हा सासरा मला सायकलवर डबलसीट बसवून परीक्षेला न्यायचा आणि पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या फाटकाबाहेर उन्हात उभा राहायचा. घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचा, काम होतं त्या बाजूला. त्या माणसाला भिंतीकडे तोंड करून मी संपू देणार नव्हते. पण माझ्याजवळ आवाज सोडून दुसरं हत्यार नव्हतं, आणि तो ऐकून ऐकून त्यांना त्याची सवय झाली होती.

माझे यजमान धर्मेंद्र अकोल्याला नोकरीला आहेत. रोजचं अप-डाऊन, बडनेऱ्याहून सकाळची गाडी. संध्याकाळी घरी येतात, बापाजवळ बसतात आणि "बाबा, उठा ना" हे इतक्या मऊ आवाजात म्हणतात की मीसुद्धा उठले नसते.

फिजिओथेरपीची मुलगी एकदा घरी येऊन गेली. चांगली होती. म्हणाली, दोन्ही बाजूंनी धरून चालायला दांड्या हव्यात, पायाला बांधायला वजन, ताणायला रबर, समोर आरसा. तिच्या सेंटरला रोज न्यायचं तर ऑटोत चढवायलाच दोन माणसं लागली असती. ती रोज घरी यायची तर आमचा किराणा बंद करावा लागला असता. मी म्हटलं, मग घरीच जिम टाकू, त्यात काय एवढं. मोबाइलवर सामानाचे भाव पाहिले आणि मोबाइल उपडा ठेवून दिला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रऊफभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडे कुठल्याशा मांडवाचे जुने पाईप गंजत पडले होते. "भाभी, पुराना चलेंगा ना? घिस के रंग मार देता," ते म्हणाले. त्यांची बायको गुलनार शिवणकाम करते. तिनं जुन्या पँटींचे पाय कापून वाळू भरायला पिशव्या शिवल्या. सायकलवाल्यानं पंक्चर ट्यूब फुकट दिल्या. रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून मधोमध दांडा रोवला, झाली वजनं. माळ्यावरच्या जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला. मागच्या टिनाच्या शेडातलं भंगार काढून तिथं हे सगळं मांडायचं ठरलं.

एका दुपारी मी मामाजींच्या पलंगाजवळ उभी राहून यजमानांना फोनवर हेच सांगत होते. माझा आवाज मुळातच मोठा.

"हो, मागच्या शेडातच. घरी जिम टाकून राहिली मी."

भिंतीकडून आवाज आला, "किती बसवतं?"

कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मला वाटलं, पाईप विचारतात.

"दोन," मी म्हटलं.

"दोनात काय होते? बह्याड हायस काय? अन शेडात हवा कोठी खेळते? रुई उडते तं मानसाचा दम घुटते."

रुई म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाजी अकोल्याच्या जिनात फिटर होते. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. वऱ्हाडात हे कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. सरकी काढणारी जी मशीन, तिला रेचा म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या जिनात त्यांनी रेचे दुरुस्त केले आणि त्या घरघरीत कान घालवले. म आणि न यांतला फरक आता त्यांच्या कानात शिरत नाही. सून घरी जिन टाकते आहे, असं त्यांनी ऐकलं होतं.

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. हे माझ्या हातून सहसा होत नाही.

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हटलं. "तुमीच पाहून सांगा ना."

ते भिंतीकडून वळले. मग म्हणाले, "थो वॉकर आन."

असे ते त्या दिवशी शेडापर्यंत गेले. मी एका बाजूला, वॉकर पुढे, आणि वाटेत दोनदा "राहू दे" म्हणून झालं. पण गेले. तिथं रऊफभाई पाईप उभे करत होते. मी मागून त्यांना डोळ्यांनी खुणावलं आणि नंतर दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. "बुजुर्ग आदमी से झूठ, भाभी?" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

मग आमची जिम सुरू झाली आणि मामाजींची जिन. कमरेच्या उंचीचे ते दोन पाईप त्यांच्या लेखी रेचा बसवायचा सांगाडा होता. एका हातात हा पाईप, दुसऱ्या हातात तो, असे ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जात, का, तर सांगाडा कुठं हलतो ते पाहायला. "इथी हालते," ते म्हणायचे. रऊफभाई मुकाट्यानं तिथं टाका मारायचे. मग मामाजी दुसरी बाजू तपासायला परत त्या टोकाला. मी हे मोबाइलवर त्या फिजिओच्या मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "काकू, हेच तर हवं होतं. कसं काय समजावलं त्यांना?" मी म्हटलं, गोडीगुलाबीनं.

सिमेंटचे डबे त्यांना मशीनचा पट्टा ताणायचं वजन वाटले, आणि किती भरले ते उचलून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सायकलची ट्यूब म्हणजे पट्टा. ती पायाखाली धरून दोन्ही हातांनी ओढायची आणि म्हणायचं, "हे काय टिकते? क्यानव्हासचा लागते." फक्त वाळूच्या पिशव्यांना माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या गुलनारनं चुकून शिवल्या असं सांगून टाकलं. पैशाचंही त्यांनीच सोडवलं. "नवा रेचा घेऊ नको," म्हणाले, "बंद जिनातले भंगारात निघतेत. सस्त्यात भेटते." मी म्हटलं, तेच पाहून राहिलो आम्ही.

आरसा लावला तेव्हा म्हणाले, "अन आरसा कायले?"

"मालकाले तोंड पाह्याले," मी थट्टेनं बोलून गेले.

ते आरशात पाहत राहिले. गालावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढीचं सामान मागितलं आणि कपाटातला परीटघडीचा सदरा काढायला लावला.

गुलनारला तर त्यांनी ऐटीत सांगितलं, "आमच्या शेडात जिन येऊन राहिली." ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाभी, हमारे में वो भूतवाला जिन फुकट में आता. उसके वास्ते वेल्डिंग नहीं लगती." आम्ही दोघी तोंडावर पदर-ओढणी दाबून हसलो. मग तिनं विचारलं, "लेकिन उनको मालूम पडेंगा तब?"

तेच मला ठाऊक नव्हतं. मामाजी आता पाईप धरून बरेच चालत, पण हातात पाईप नाहीतर वॉकर असल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. हात सोडा म्हटलं की चेहरा पांढरा पडायचा. फाटकाबाहेर तर नाव नाही. पायात पुरता जोर येईपर्यंत हे खोटं टिकलं पाहिजे, एवढंच मी देवाजवळ मागत होते. त्याआधी फुटलं आणि ते परत भिंतीकडे वळले, तर त्यांना उठवायला माझ्याजवळ काही उरणार नव्हतं.

एका सकाळी मी पोळ्या करत होते आणि ते बाहेर माझ्या मोबाइलवर ओरडत होते. ज्याला फोन केला तोही बहिरा असावा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा चाललं होतं. "जिन, जिन! आपली सोताची! सूनबाईनं टाकली लेका! ये पाह्याले!" माझ्या हातातली पोळी करपली.

फोन नत्थुजींना होता. ते मामाजींबरोबर त्याच जिनात होते. अकोल्यातच राहतात. चार दिवसांनी ते पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आमच्या दारात हजर. पांढरं धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीत नारळ, हार आणि फडक्यात बांधलेला कापूस. जावयाच्या वावरातल्या पहिल्या वेचणीचा होता. नवी जिन सुरू करताना पहिला कापूस आपल्या माणसाच्या हातचा पडावा, म्हणून मुद्दाम ठेवून आणलेला.

"काय गा जान्या, चालून राहिला तू तं!"

"काम हाय ना बे. पडून कसं जमन?"

चहा झाला. मी पुन्हा चहा टाकते म्हटलं, पोहे करते म्हटलं, जेवूनच जा म्हटलं. काही उपयोग झाला नाही. दोघं म्हातारे शेडात गेले. मामाजी वॉकर दाराशी ठेवून पाईप धरून उभे राहिले. अंगावर परीटघडीचा सदरा होता. पाय मात्र अनवाणी, शेडात ते चपला घालत नसत. कारखान्यात शिरताना बाहेर काढायची जुनी सवय.

नत्थुजींनी सगळीकडे नजर फिरवली. पाईप, डबे, ट्यूब, आरसा. मग फडकं सोडलं, मूठभर कापूस काढला आणि तो हातात घेऊन विचारलं, "रेचा कोठी हाय बे?"

"येऊन राहिला ना. जुना पाहिला हाय." मामाजी माझ्याकडे वळले. "कधी येते व, दामिनी?"

पुढच्या आठवड्यात, एवढं म्हणायचं होतं. शब्द तयारही होते. पण नत्थुजी मूठभर कापूस घेऊन, तो कुठं ठेवावा ते शोधत उभे होते, आणि मामाजी मालकाच्या रुबाबात माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या तोंडून खोटं निघेना.

"जिन नाई मामाजी," मी म्हटलं. "जिम. जिम! मगरीचा म! पोट्टे व्यायाम करतेत ना, थे. तुमच्या पायासाठी टाकली. जिन-बिन काई नाई येत."

माझा आवाज नेहमीपेक्षा मोठाच निघाला. त्यांना नीट ऐकू आलं.

आधी नत्थुजी हसले. "जिम? या वयात तुले पयलवान करून राहिली सूनबाई?" हसता हसता त्यांना ठसका लागला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मामाजींचा चेहरा मी पाहत होते. कान लाल झाले होते.

"तुले मालूम होतं? मी जिन समजून राहिलो, हे?"

"पयल्या दिवसापासून."

"अन रऊफले?"

"त्याईलेबी."

"म्हंजे साऱ्याईनं मिळून मले उल्लू बनवलं." ते सावकाश बोलत होते. "मी आपला इथी हालते, तिथी हालते करून राहिलो. अन तुमी सारे हासत असान मांगं. नत्थ्या, चाल. मी तुह्यासंगं येतो अकोल्याले. या घरचं पानी नाई प्याचं मले."

"अबे, बस ना," नत्थुजी घाबरून म्हणाले. "मी आपला मजाक..."

"चाल म्हनतो ना!"

आणि त्यांनी पाईप सोडला. दाराशी वॉकर होता, त्याच्या बाजूनं गेले. नत्थुजी कोपर धरायला धावले, तर "हात नको लावू मले!" म्हणून त्यांचा हात झटकला. अंगणात आले. पावलं लहान होती, एक पाय किंचित ओढत होता, आणि ते चालत होते.

धावत जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटत होतं. चुकले मामाजी, हसलं नाही हो कोणी तुम्हाला, हे सांगायचं होतं. पण मी हाक मारली असती तर ते थांबले असते. भांडायला का होईना, थांबले असते, आणि थांबल्यावर त्यांना आपण कुठं उभे आहोत ते कळलं असतं. अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि मी त्यांच्या मागून निघाले.

फाटकाची कडी त्यांनीच काढली. गल्लीत समोरच्या पार्बताबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"कुठी निंगाले जानरावजी?"

"अकोल्याले!"

पार्बताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या खुर्चीकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. नत्थुजी माझ्या बाजूनं घाईघाईनं चालत कुजबुजले, "सूनबाई, थांबव त्याले, पडन थो." मी नाही म्हणून मान हलवली. खुर्ची दोन्ही हातांनी पुढे धरून मी त्यांच्या पाठोपाठ चालत राहिले. एकदा ते डावीकडे झुकले, भिंतीला बोटं टेकवली आणि मग रागानंच ती काढून घेतली.

रऊफभाईंनी दुकानातून पाहिलं. वेल्डिंग बंद केलं, डोळ्यांवरची काच वर सारली आणि धावत यायला निघाले. मी लांबूनच हात केला. ते होते तिथं उभे राहिले. मामाजी त्यांच्याकडे न बघता दुकानासमोरून गेले आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथं ऑटो उभे राहतात, तिथं थांबले. एकही ऑटो नव्हता. धरायलाही काही नव्हतं. पोटऱ्या थरथरायला लागल्या तशी मी खुर्ची मागून सरकवली. मागे न पाहता ते बसले.

नत्थुजी धापा टाकत होते.

"चपला कुठी हायेत माह्या?" मामाजींनी रस्त्याकडे पाहत विचारलं.

"घरी."

"आन."

"नाई आणत."

आता ते वळले. "अनवानी जाऊ काय अकोल्याले?"

"तुमच्या पायानं आले ना? तुमच्या पायानं जा, चपला घाला, अन मंग जा कुठी जायाचं तं."

त्यांनी तोंड उघडलं. चांगली सणसणीत शिवी येणार होती, मला दिसत होती. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. गल्लीच्या त्या टोकाला आमचं फाटक दिसत होतं, उघडंच राहिलेलं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे.

"वॉकर?" त्यांनी हळूच विचारलं.

"शेडात हाय, मामाजी."

मला रडू फुटलं, अगदी गल्लीत उभं राहून, पदरात तोंड खुपसून, लहान पोरीसारखं. रऊफभाई उगाच दुसरीकडे बघायला लागले.

"रडतं कायले व, बह्याडे?" मामाजी खेकसले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. नत्थुजींनी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

घरापर्यंत ते मला बोलत होते. खोटारडी, कजाग, माहेरावर गेलेली, पोराचं नशीब फुटलं, सगळं ऐकवून झालं, आणि ओट्यावरच्या पार्बताबाई कान देऊन ऐकत होत्या. मी खुर्ची घेऊन मागून चालत होते. आमचं घर अजून थोडं लांब असतं तर बरं झालं असतं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.